गच्चीवर सुव्याची संध्याकाळ

फिजी देशाची राजधानी सुवा आहे, हे आमच्या कॉलनीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे, आणि त्याचं श्रेय माझं आहे. बीडमध्ये असं श्रेय कुणी आपणहून देत नाही, ते स्वतःच घ्यावं लागतं. उलट मी सकाळी दूध आणायला निघालो की समोरचे राधाकिशन फाटकात उभे राहून जीभ बाहेर काढतात, तिला बोट लावून बघतात आणि माझ्याकडं बघून मान हलवतात. साठी उलटलेल्या माणसाला हे शोभतं का, असं विचारायची सोय नाही, कारण माझ्यामुळं त्यांची जीभ गेली असं ते अख्ख्या गल्लीला सांगत सुटलेत. जीभ गेली नव्हती, एका संध्याकाळपुरती बधिर झाली होती. माणसानं तक्रार जरूर करावी, पण काही प्रमाण ठेवावं.

मूळ गोष्ट एवढीशी होती. पाहुण्यांना चहाला बोलवायचं होतं.

आमची रोहिणी सुव्याला विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. तिथंच तिला रामेश्वर भेटला. मुलगा हिशेबनीस, सुव्यातच जन्मलेला, घराणं पाच पिढ्यांपूर्वी हिंदुस्थानातून तिकडं गेलेलं. मी आधी थोडी खळखळ केली, बापानं करायची असते म्हणून, आणि मग मुलाशी फोनवर बोलून गार झालो. राहिल्या आमच्या वत्सलाबाई. रोहिणीनं मला स्वच्छ सांगितलं होतं, "बाबा, आईनं मनापासून हो म्हटलं तरच मी लग्न करीन. तिचं 'तुमची मर्जी' मला चालणार नाही." पोरगी आईला चांगली ओळखते. 'तुमची मर्जी' हे दोन शब्द आमच्या घरात गेली तेहेतीस वर्षं नकारासाठीच वापरले जातात.

वत्सलाबाईंचा राग समुद्रावर नव्हता, जातीवर तर नव्हताच. झालं असं, की एकदा व्हिडिओ कॉलवर बोलताना रामेश्वरच्या मागं त्याचे वडील दिसले. ओट्यावर चार माणसं गोल करून बसलेली, मध्ये लाकडी भांडं, हातात करवंटी, आणि वडील ती करवंटी तोंडाला लावून एका दमात रिकामी करत होते. हिनं फोन पालथा ठेवला आणि उठून आत गेली. आता हे सांगायला हवं, की हिचे वडील ऊसतोडीला जायचे, आणि कारखान्याच्या तळावर संध्याकाळ झाली की असंच गोल करून प्यायला बसायचे. त्यांना हाताला धरून पाचटाच्या कोपीत आणायचं काम लहानग्या वत्सलाचं होतं. आणताना मार बसायचा, आणल्यावर तिच्या आईला बसायचा. त्यामुळं चार बाप्ये सांजेला गोल करून बसलेले दिसले की आजही हिचा हात थरथरतो. मी तिला शंभरदा सांगितलं, की ती दारू नव्हे, तिला नंगोना म्हणतात, एका झाडाची मुळी कुटून पाण्यात कालवतात, गढूळ लागते, जीभ जराशी बधिर होते आणि माणूस शांत बसतो. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मला माणसं बघू द्या. मग मी काय ते सांगते. तवर मला कुणी इचारायचं न्हाई."

आणि माणसं येणार असल्याचं कळलं. रामेश्वरचे आई-वडील, शिउप्रसाद आणि जानकीदेवी, ज्योतिर्लिंगं करायला निघाले होते. परळी वैजनाथाचं दर्शन झालं की तिथून आमच्याकडं. रोहिणी म्हणाली, बाबा, साधा चहा करा, गप्पा मारा, ती साधी माणसं आहेत. इथं मी थांबलो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण चहा काय, मांजरसुंब्याच्या फाट्यावर कुणीही पाजतं. मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याला आपल्या गच्चीवर बसून घरच्यासारखं वाटलं पाहिजे, आणि ते बघून वत्सलाबाईंचं मन निवळलं पाहिजे, असा माझा डबल हिशेब होता. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून मी उभी हयात एका कागदात दोन कामं बसवण्यात घालवली आहे.

सुव्याचा माझा अभ्यास तोपर्यंत दांडगा झाला होता. मी सोलापूरच्या खाली कधी उतरलेलो नाही, पण समुद्राच्या कठड्यावर संध्याकाळी सुव्यातली माणसं कुठून कुठवर फिरायला जातात हे मी झोपेत सांगू शकत होतो. रविवारी तिथं दुकानं बंद आणि चर्चमधून गाणं चालू. रग्बीची मॅच असली की हापिसं ओस. ऑगस्ट महिन्यात जास्वंदीच्या नावानं मोठा उत्सव, मैदानात पाळणे, रस्त्यावर सजवलेल्या गाड्या. आपल्या लोकांच्या घरी आठवड्याला रामायणाची मंडळी बसते, ढोलक, झांजा आणि लोखंडी दांड्याचा ताल, आणि मध्ये नंगोन्याचं भांडं. हे सगळं मी पारावर सांगत असे. आधी लोक ऐकायचे, मग घरी काम निघायला लागलं.

तर मी जाहीर केलं, की गच्चीवर 'सुव्याची संध्याकाळ' करायची. धुळाजी लगेच म्हणाले, भजन आमचं. धुळाजी एसटीत कंडक्टर होते आणि आता कॉलनीचं भजनी मंडळ चालवतात, म्हणजे ओरडून तिकीट फाडायची सवय त्यांनी देवाच्या कामी लावली आहे. त्यांना रग्बीबद्दल सांगितलं तेव्हा चेंडू बगलेत मारून पळायचं असेल तर आपली पोरं तयार आहेत, भोपळा घेऊन दाखवतील, असंही ते म्हणाले. मी भोपळा नाकारला, भजन घेतलं. भजन आलं तसा माईक आला, आणि माईक आला तशी परवानगी आली.

पोलीस ठाण्यात टेबलामागं बसलेला माणूस तसा सभ्य होता. त्यानं कार्यक्रमाचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, नाच आहे का? मी म्हणालो, भजन आहे. तो म्हणाला, मग संध्याकाळ कशाला म्हणता, काकडा म्हणा, हरिपाठ म्हणा, संध्याकाळ म्हणलं की आमाला दोन माणसं पाठवावी लागतेत. मी त्याला फिजीचा भूगोल सांगितला. पाहुणे परदेशी आहेत हे ऐकल्यावर तो सावध झाला आणि त्यांच्या मुक्कामाची नोंद वेगळी करायची, तिचा कागद वेगळा, आणि माईकला कॉलनीच्या अध्यक्षाचं ना हरकत पत्र वेगळं, असं त्यानं समजावलं. ज्यानं हयातभर लोकांना 'उद्या या' म्हटलं त्याला 'उद्या या' ऐकताना काय वाटतं, ते मी इथं लिहीत नाही.

कॉलनीचे अध्यक्ष म्हणजे राधाकिशन. निवृत्त पोलीस जमादार. सही करायच्या आधी त्यांनी मला बसवून घेतलं आणि त्या पेयाची चौकशी केली, ती अशी, की मीच आरोपी आहे असं मला वाटायला लागलं. शेवटी त्यांनी अट घातली, की ते स्वतः गोलात पहिल्या जागी बसतील, म्हणजे काही गैर असलं तर लगेच कळेल. त्यांच्या सौभाग्यवती केशरबाई दारातून हे सगळं ऐकत होत्या. त्या तशाच चपला घालून आमच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि वत्सलाबाईंना सांगितलं, की तुमचे त्रिंबकराव गच्चीवर पिण्याचा कार्यक्रम ठेवताहेत आणि आमच्या ह्यांना पहिला नंबर दिलाय. घरी आलो तेव्हा ही भाकरी थापत होती. नुसता थापण्याचा आवाज ऐकूनच मला कळलं.

आता प्यायचं काय, हा प्रश्न होता. खरी मुळी पाहुणे आणणार नव्हते, विमानातून ती आणावी की नाही याची त्यांना खात्री नव्हती. राधाकिशन म्हणाले, ताक द्या. ताकानं जीभ बधिर होत नाही, मी म्हणालो. मग मला आठवला अक्कलकारा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, दातदुखीला चघळतात, जिभेला मुंग्या येतात. तोसुद्धा झाडाची मुळी. रंगही गढूळ. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की मी दुकानातच एक तुकडा चघळून बघितला आणि येताना रस्त्यात भेटलेल्या तीन माणसांशी बोलू शकलो नाही. दुकानदारानं चिमूटभर घ्या, असं बजावलं होतं. मी ते धुळाजींना बजावलं. पाण्याचं पिंप भरायचं काम त्यांच्याकडं होतं.

भांड्यासाठी मी हिची काठवट मागितली. लाकडाची, हिच्या आईची, तिच्यात ही सणावाराला कणीक मळते. ही भांडेल अशी माझी तयारी होती. हिनं काठवट पुसली आणि न बोलता माझ्या हातात दिली. भांडली असती तर बरं झालं असतं. करवंट्या बघून मात्र ती बोलली. "पाव्हन्याच्या हातात करवंटी देता? भीक मागाया लावता का त्येला माझ्या दारात?" मी म्हणालो, तिकडची रीतच आहे. ती म्हणाली, "तुमची मर्जी."

मी त्या रात्री जेवलो नाही, म्हणजे कमी जेवलो.

ठरल्या दिवशी दुपारीच धुळाजींच्या ओळखीच्या ढाबेवाल्याचा मांजरसुंब्याहून फोन आला, की पाहुणे आलेत, त्यांनी बाजरीची भाकरी आणि ठेचा मागवलाय, आणि बाईंनी दुसरी भाकरी घेतली. ही बातमी कॉलनीभर गेली. ऊन कलायला लागलं तशी गाडी आमच्या दारात उभी राहिली. शिउप्रसाद उंच, काळेसावळे, फुलाफुलांचा सदरा घातलेले, आणि जानकीदेवी बुटक्या, गोल, साध्या साडीत. उतरताच त्यांनी वत्सलाबाईंचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. ही त्यांच्या तोंडाकडं बघत होती. मी हिच्या तोंडाकडं बघत होतो. काही कळलं नाही.

गच्ची मी जास्वंदीनं सजवली होती. त्यासाठी कॉलनीतल्या एकूण एक झाडाचं फूल तोडून आणलं होतं आणि त्यापायी चार घरचे गणपती त्या दिवशी दुर्वांवर भागले. सुव्यात माणसं फूल कानावर खोवतात, लग्न झालेली एका कानावर आणि न झालेली दुसऱ्या. कोणतं कोणत्या, हे रोहिणीनं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. राधाकिशन फूल खोवून पहिल्या जागी ताठ बसले. जानकीदेवी वर आल्या, त्यांनी त्यांच्याकडं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि केशरबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. केशरबाई तरातरा गेल्या आणि नवऱ्याचं फूल उपटून दुसऱ्या कानावर बसवलं. बायका खाली गेल्या, आम्ही बसलो.

फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. तिकडं रात्र झाली होती, रोहिणी आणि रामेश्वर जागे बसलेले. दोन मिनिटं चित्र दिसलं, रोहिणीनं "बाबा, एक गोष्ट लक्षात ठेवा" एवढं म्हटलं, आणि गच्चीवरची रेंज गेली. मला वाटलं, असेल काहीतरी किरकोळ.

सुरुवात झकास झाली. शिउप्रसादांनी पद्धत दाखवली. करवंटी समोर आली की दोन्ही तळवे खोलगट करून एक टाळी, 'बुला' म्हणायचं, एका दमात प्यायची, मग तीन टाळ्या. आमच्या भजनी मंडळाला टाळ्यांचं काय सांगावं, त्यांनी तीनावर थांबायला नकार दिला. राधाकिशननी चौकशी सुरू केली, की तुमचे वाडवडील काय करायचे? मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण जमादाराला खुणा कळत नाहीत. शिउप्रसाद सरळ बोलले, "हमार परआजा गन्ना काटे आइस रहा. पाँच बरस के गिरमिट पे." म्हणजे पणजोबा पाच वर्षांच्या करारावर ऊस तोडायला गेलेले. धुळाजींनी आपला उजवा तळवा त्यांच्यासमोर धरला, त्यावर एसटीत लागण्याआधीच्या ऊसतोडीतली कोयत्याची खूण अजून आहे. म्हणाले, "मंग दूरचे कुटं? आमच्यातलेच हाव तुमी. तुमची टोळी जरा लांब गेली." शिउप्रसादांनी तो तळवा दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे भरले होते, माझेही भरले होते. वाटलं, जिंकली लढाई. एवढ्यात पहिल्या करवंटीचा परिणाम सुरू झाला.

धुळाजींनी चिमूटभर टाकला नव्हता. पिंपभर पाण्याला चिमटीनं काय हुतंय, असा विचार करून त्यांनी पुडका उपडा केला होता. आधी जीभ चुरचुरली, मग ओठ, मग तोंडाला पाणी सुटायला लागलं ते थांबेना. राधाकिशननी जीभ चाचपली. शिउप्रसाद जरा चमकले, त्यांनी करवंटीकडं आदरानं बघितलं आणि 'तुम लोग के माल बहुत कड़क है' असं म्हणून माझी पाठ थोपटली. ही आमच्याकडची परंपराच आहे असं त्यांना वाटलं, आणि मीही मान हलवली. तिथंच माझी फसगत झाली.

त्यांनी दुसरी घेतली, तिसरी घेतली. काठवट अर्धी झाली. आता पाहुण्यासमोरचं भांडं रिकामं दिसणं म्हणजे यजमानाचं नाक कापलं जाणं, हे काय मी सांगायला पाहिजे? आमच्याकडं पाहुणा 'बास' म्हणतो तेव्हा एक पळी जास्त वाढतात, पानावर आडवा हात धरतो तेव्हा बोटांच्या फटीतून वाढतात, आणि तो पाटावरून उठतो तेव्हाच हात थांबवतात. मी पिंपातून घागर भरून काठवट काठोकाठ केली. शिउप्रसादांनी तिच्याकडं बघितलं, श्वास घेतला आणि टाळी वाजवली. परत काठवट खाली गेली, परत मी भरली. त्यांच्या कपाळावर घाम आला, सदऱ्यावरची फुलं अंगाला चिकटली, पण माणूस उठेना. मी मनात म्हणालो, भल्या माणसा, एकदा ऊठ, म्हणजे मी थांबतो. तो उठत नाही म्हणजे त्याला अजून हवं आहे, आणि हवं असताना हात आखडला तर उद्या सुव्यात माझ्या मुलीला काय तोंड राहील? मी भरत राहिलो.

भजन चालूच होतं, पण शब्द गेले होते. मंडळाच्या तोंडून नुसता आ आणि ऊ येत होता. धुळाजी विठ्ठलाच्या नावाशी झटत होते आणि त्यांना ठ जमत नव्हता. राधाकिशन रुमालानं हनुवटी पुसत 'हे बंग करा' असं मला म्हणत होते. आणि मी मान वर केली तर जिन्याच्या तोंडाशी वत्सलाबाई उभ्या.

तिनं काय बघितलं असेल, ते मी तिच्या डोळ्यांनी बघितलं. संध्याकाळ, गोल करून बसलेले बाप्ये, मध्ये तिच्या आईची काठवट, हातात करवंट्या, लाल डोळे, तोंडातून लाळ, आणि कुणालाच धड बोलता येत नाही.  ती वळली आणि खाली गेली. मी उठणार, तेवढ्यात काठवटीचा तळ दिसायला लागला. पाहुणा बसलेला आणि यजमान उठून गेला, असं आमच्यात होत नाही. पिंपही संपत आलं होतं. मग पाण्याच्या निमित्तानं घागर घेऊन मी जिना उतरलो, खालच्या नळावर ती भरली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकलो.

आत ही आणि जानकीदेवी समोरासमोर उभ्या होत्या. केशरबाई कोपऱ्यात. हिनं जानकीदेवींचा हात धरला होता आणि असेल नसेल ते हिंदी गोळा करून विचारत होती. आवाज बारीक होता. "बाई, खरं बोलना. ये पीके घर में आनेके बाद तुमको मारते क्या?"

 सगळं लग्न त्या एका प्रश्नावर येऊन उभं होतं. जानकीदेवींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी हिला जवळ ओढलं. "मारी? ई? बहिनजी, ई नंगोना पी के गाना गाई, फिर ढोलक पे सिर धर के सोई जाई. हम चादर ओढ़ाय देई. तीस बरस से चादर ओढ़ात हई."

हिनं पदरानं डोळे पुसले.  मग जानकीदेवी काळजीनं वर बघत म्हणाल्या, की पण आज ह्यांचं काही खरं नाही, कारण भांडं रिकामं होईपर्यंत पाहुण्यानं उठायचं नसतं, यजमानाचा अपमान होतो, आणि तुमचं भांडं तर रिकामंच होत नाही.

वत्सलाबाईंनी मान वर केली. दाराशी मी, माझ्या काखेत भरलेली घागर. "आन आमचे ह्ये," ती सावकाश म्हणाली, "पाव्हना उठल्याबिगर भरायचं थांबायचे न्हाईत." दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. रोहिणी कोणती गोष्ट लक्षात ठेवा म्हणत होती, ते मला तेव्हा कळलं. त्या नजरा झेलण्यापेक्षा ठाण्यातल्या टेबलासमोर परत जाऊन उभं राहणं मला परवडलं असतं.

हिनं घागर माझ्याकडून काढून खाली ठेवली आणि वर निघाली. मागं जानकीदेवी, मागं केशरबाई, शेवटी मी. मला वाटलं, ही आता काठवट उचलून मोरीत ओतणार. तसं झालं तर सगळं संपलं, पाहुण्याच्या तोंडचं ओतून देणं म्हणजे त्याला हाकलणंच. शिउप्रसाद काठवटीच्या तळाशी राहिलेल्या पाण्याकडं बघत होते, हात गुडघ्यावर, ओठ सुजल्यासारखे. ही सरळ गेली आणि त्या गोलात बसली. मांडी घालून, बाप्यांच्या मधोमध.

"द्या हिकडं," ती म्हणाली, आणि राधाकिशनच्या हातातली करवंटी घेऊन भरली.

मी तिला अडवायला निघालो होतो. लग्न झाल्यापासून जिनं दारूच्या दुकानावरून जायचं नको म्हणून लांबचा रस्ता धरला, तिच्या हातात ती करवंटी होती. तिनं डोळे मिटले आणि एका दमात रिकामी केली.  ती वाट बघत बसली, आपल्याला काय होतंय याची. चेहरा आक्रसला, मग हळूहळू सैल झाला.

"डोकं जाग्यावर हाय," ती म्हणाली. "निसती जीभ ग्येली."

मग तिनं एक जानकीदेवींना दिली, एक केशरबाईंना, आणि तिघींनी मिळून काठवटीचा तळ कोरडा केला. शिउप्रसादांनी तो तळ बघितला आणि सुटकेचा असा श्वास टाकला, की माझ्या छातीवरचाही दगड उतरला. ते उठायला गेले तर गुडघे धरलेले. धुळाजींनी आणि राधाकिशननी दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

खाली स्वयंपाकघरात हिचा फोन कधीचा वाजत होता. केशरबाईंनी तो वर आणला. या खेपेला रेंज टिकली. रोहिणीचा चेहरा रडवेला झाला होता. "आई, काय झालं? कुणी काही सांगत का नाहीये?"

"तुझ्या सासऱ्याला आत्ताच उटवलं," ही म्हणाली. जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ होते. "मानूस सज्जन हाय. दोगंबी हायेत."

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे. हो म्हनते मी. मनापासून म्हनते. माझी मर्जी हाय."

तिकडं रोहिणी तोंडावर हात धरून रडायला लागली. इकडं मी रडत होतो, आणि अक्कलकाऱ्यामुळं नेमकं कुठून पाणी येतंय ते सांगता येत नव्हतं. हिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं वळली. "उद्या जाऊन माझ्या पासपोर्टाचं बघा. ल्येकीचं पयलं बाळंतपन मी तिकडं जाऊन करनार."

मला आनंदानं काही सुचेना. म्हणालो, दोघांचे अर्ज सोबतच टाकतो, त्या निमित्तानं सुवा तरी बघून होईल.

"तुमचा नगं," ही म्हणाली. "तिकडं तुमी आन इवाई समोरासमोर बसलात, तर पोर आपल्या पायानं चालत बारशाला येईल, तवर तुमी दोगं उठायचे न्हाईत."

जानकीदेवींना मराठी येत नाही. सगळ्यात आधी त्याच हसल्या.